उत्तर-आधुनिकता, तीन दिवसांत

शिक्षण कार्यालयाचं पत्र सरकारी शाळेत आलं: 'परिसरातील शिक्षकांना उत्तर-आधुनिकता सोप्या भाषेत समजावून देणे. मुदत तीन दिवस.' उत्तर ही दिशा, दिशा म्हणजे भूगोल, असा हिशेब करून मुख्याध्यापकांनी काम भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात घातलं. बाईंची सव्वीस वर्षं नद्या आणि वारे शिकवण्यात गेलेली. नाही म्हणायची सवयच नव्हती.

सोबतची पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली. डोकं भणभणलं. शब्दाला पक्का अर्थ नसतो आणि बोलणाऱ्याचा त्यावर हक्क नसतो, एवढंच हाती लागलं. त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आलीस का?"

बाईंना तो टोमणा वाटला. नवऱ्याला त्यात माया दिसली. दोघांची जुंपली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी बोलले, मी मोकळी. अर्थ तुमचा तुम्ही लावा."

बाईंनी चपलाही न काढता वही उघडली.

पहिल्या दिवशी चाळीस शिक्षक जमले. गणिताच्या सरांनी हात वर केला. "उत्तर आहे, मग प्रश्न कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं, "हे किती गुणांना?" बाईंनी फळ्यावर 'आलात का?' एवढंच लिहिलं आणि म्हणाल्या, "हे तुम्हाला कोण, कसं म्हणालं, ते सांगा."

मग काय, वर्ग उसळला. सासवा, जावई, घरमालक, सगळे बाहेर पडले. दुपारपर्यंत एकोणसाठ अर्थ निघाले. साठावा गणिताच्या सरांनी काढला आणि त्यांना रडूच कोसळलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब दोन तास उशिरा आले. चाळीस तोंडांतून एकदम निघालं, "आलात का?"

साहेबांनी लेखी खुलासा मागितला: यामागचा हेतू काय? बाईंनी प्रामाणिकपणे साठ खुलासे पाठवले. कारकुनानं साठ फायली उघडल्या आणि तो आजारी पडला.

आठवड्यानं साहेब स्वतः शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीचं दार लोटून घेत म्हणाले, "बाई, यातला खरा कोणता?"

"सगळेच, साहेब."

साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. मग हळूच म्हणाले, "बायको चार दिवस म्हणतेय, 'मला काही झालेलं नाही.' त्याचे किती अर्थ?"

बाईंनी चष्मा काढला. "त्याचा मात्र एकच."

साहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.