नवऱ्याच्या तोंडची कविता

नवरा गेल्यावर फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता झाली की मीच त्याच्या आवाजात बोलायला लागले. म्हणजे कवितेत. बोलणारा तो, ऐकणारी बायको. जन्मभर तोच आवाज कानावर, त्यामुळे शब्द शोधावे लागले नाहीत.

कवितेत तो स्वतःवर भलताच खूश असतो. बायकोला काही कमी पडू दिलं नाही, तिची नोकरीची दगदग सोडवली, माहेरी जायचा त्रास नको म्हणून तिकीट आपणच रद्द केलं. त्याच्याविरुद्ध मी एक शब्द घातला नाही. कवीने मध्ये नाक खुपसलं की मजा गेली. माणसाला मोकळं बोलू द्यावं, तो आपला आपण उघडा पडतो. ऐकणारे आधी हसतील, मग चुळबुळतील, शेवटी त्या गप्प बाईकडे बघतील, असा माझा अंदाज. कुणीतरी तिच्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

दिल्लीत आमच्या मराठी मंडळींची दर महिन्याला बैठक असते. इथे वाढलेल्या मुलांसाठी अवघड शब्दांचे अर्थ आधी सांगायची पद्धत आहे. मी ‘दगदग’चा अर्थ सांगितला, बोलणाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि कविता वाचली.

बायका डोळे पुसायला लागल्या. अध्यक्ष गहिवरून उठले. “पतीला किती सुंदर श्रद्धांजली! चलो, सगळे दोन मिनिटं उभे राहू या.”

कपाळावर हात मारावा, तर हात जोडलेले! सगळ्यांबरोबर मीही उभी राहिले. रिकाम्या घरात वाटलं नव्हतं इतकं एकटं मला तिथे वाटलं. रागही आला. मी त्याला इतकं गोड बोलू दिलं होतं की इथेही बाजी त्यानेच मारली.

चहाच्या वेळी नागपूरकडच्या एक निवृत्त बाई वड्यांची प्लेट घेऊन शेजारी बसल्या. आमची ओळख नव्हती.

“अच्छा ताई, तिकीट रद्द झालं, तेव्हा ती काय म्हणाली?”

म्हणजे कुणीतरी बघितलं होतं! आनंदाने मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याचं बोलणं मला तोंडपाठ होतं. तिचं एक वाक्य आठवेना. कवितेत मी तिला बोलू दिलं नव्हतं, घरातही नाही.

“काही नाही म्हणाली,” मी म्हणाले.

बाईंनी प्लेट माझ्याकडे सरकवली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. त्याच्यासाठी नव्हे.