साली, ढलप्या आणि आईचा हात

आम्ही गाव सोडलं तेव्हा आई टेम्पोत सामानावर बसली होती, भाजलेला उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून. आळीतली दारं बंद होती. सुनंदा, तू एकटीच ओटीवर उभी होतीस. आत तुझे वडील, म्हणजे माझे काका, डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते.

बाबा शिरढोणच्या बाजूच्या लाकडाच्या वखारीत कामाला होते. करवतीखाली पडलेल्या साली नि ढलप्या ते पोत्यात भरून आणायचे आणि आपल्या दोन्ही घरच्या चुली त्यावर पेटायच्या. साल ओली असली की घरभर धूर व्हायचा आणि सुकी असली की ती एकदम भडकायची. आई सांगायची, "सालीचा भरवसा नाय. बाजूला बस."

मग न्हावा शेवा बंदराच्या मालासाठी गोदामं उठू लागली, जमिनींना भाव आला. काकांना दोघांचं सामाईक शेत विकायचं होतं, बाबांना नाही. त्या सकाळी काका पिऊन आले. बाबांना चुलीपुढेच पाडलं आणि छातीवर बसून गळा आवळला. बाबांच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या. मी काकांचे केस ओढले, तर त्यांनी मला भिंतीवर फेकलं. तेव्हा आईनं चुलीतली पेटती ढलपी उपसली आणि काकांच्या तोंडावर हाणली. तरी ते सोडेनात, म्हणून पुन्हा हाणली. कातडी जळाल्याचा वास तुला सांगायला नको, तू दारातच होतीस.

काका पंचांना म्हणाले, वहिनीनं उगाच जाळलं. पंच म्हणाले, पोलीस नकोत, पण तुम्ही गाव सोडा. पनवेलच्या भाड्याच्या खोलीत गॅस आला. आई पुन्हा चुलीपुढे बसली नाही.

आता मी कॅनडात आहे. नवरा सॉ मिलमध्ये शिफ्ट करतो, पिकअप भरून साली-ढलप्यांचं स्क्रॅप आणतो. बर्फात पॉवर गेली की हीटिंग बंद, मग सगळं घर वूड स्टोव्हवर. बाबा गेल्यावर मी आईला इकडे आणलं. ती जॅकेट घालून लांबच्या खुर्चीत बसते. साल तडतडली की दचकते.

परवा काका गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. तू म्हणालीस, "मरायच्या आधी बापूस बोलला, वयनीनं मारला म्हणून मी भावाचा खुनी झालो नाय."

आई जागची हलली नाही. मग तिनं विचारलं, "डोळा दुखायचा का गं त्याचा?"

तू म्हणालीस, "थंडीत लय दुखायचा." फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "आग बसतेय. साल टाक."

तू आम्हाला गावी परत बोलावलंस. आई येईल असं वाटत नाही. पण इतकी वर्षं कुणी गाव विचारलं, की मी "नियर मुंबई" म्हणून विषय संपवायचे. काल कामावर एकीनं विचारलं, तेव्हा मी आपल्या गावाचं नाव सांगितलं. तिला ते म्हणता येईना, तर मी दोनदा म्हणून दाखवलं.