बन्नूरच्या बांधावरून डकोटा

विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी पळते. हे लहानपणापासूनचं आहे. नाशिकजवळ ओझरला वाढले. तिथं डोक्यावरून मिग गेलं की वर्गातल्या बाई वाक्याच्या मधेच थांबायच्या आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढं सुरू करायच्या. पुढं म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात नोकरी लागली, शहरात कुवेंपुनगरात घर भाड्यानं घेतलं, तेव्हा वाटलं, आता कसली विमानं! पहिल्याच आठवड्यात आकाशात घरघर झाली. पोळी तव्यावर तशीच टाकून मी गच्चीवर पोचले, तर घरमालक काका माझ्या आधीच तिथं. गालांवर दाढीचा फेस.

"ॲव्रो विमान?" त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"छे, एएन-बत्तीस."

काकांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, वर ये बेग बेग! भाडेकरू नव्हे, आपल्यातलंच माणूस आलंय!"

काका हवाई दलात इंजिन फिटर होते. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात चाकरीला आलेले, त्यामुळे घरात मराठी, पण अर्धी कानडी. त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली.

यंदा दसऱ्याच्या आधी काकांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. हवाई कसरतींच्या सरावाला बेंगळुरूहून जुनी डकोटा येणार, डागडुजी करून पुन्हा उडती केलेली. काकांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. "बन्नूरवरूनच येणार, नोडी, बघ! शहरात गर्दीत कशाला बघायचं?"

रविवारी काका, काकू आणि मी बसनं बन्नूरला गेलो. एका बाजूला ऊस, दुसरीकडे भात, मधल्या बांधावर आम्ही तिघं. काकूंनी कोडबळ्यांचा डबा उघडला आणि सहज म्हणाल्या, "मी बसलीय डकोटात."

मी खाता खाता थांबले. इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं!

"लग्न झालं, ह्यांची बदली आसामात. अम्मानं मला रुब्बो कल्लू दिलेला, इडलीचं वाटण करायचा दगड. तो घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाले मी. विमानात बाकं दोन्ही भिंतींना, अन् मधोमध माझा दगड, पट्ट्यांनी करकचून बांधलेला. सगळे जवान त्याच्याकडंच बघत बसलेले! पायलटनं येऊन विचारलं, 'मॅडम, ये बम है क्या?' मला हिंदी कुठली? म्हटलं, 'नहीं. इडली.'"

काका हसून हसून लाल झाले. "वर्षभर दर रविवारी ते वैमानिक जेवायला आमच्याकडं, अल्वा, हो ना गं! दोन खोल्यांचं घर अन्—"

ते थांबले. मान तिरकी झाली.

मलाही ऐकू आला. जेटसारखा चिरत जाणारा नाही. पिठाच्या गिरणीसारखा गडगडणारा, जाडजूड आवाज.

"बंतू!" काका किंचाळले. "आली, आली!"

उसाच्या शेंड्यांवरून ती निघाली. चंदेरी, पोट सुटलेली, नाक वर करून, अजिबात घाई नसलेली. एवढी खाली की पंख्यांची वर्तुळं दिसत होती. काका बांधावरून तिच्या मागं धावत सुटले, म्हणजे बांध होता तिथवर धावले आणि मग गुडघाभर चिखलात उभे राहिले. काकू दोन्ही हात हलवत "इडली! इडली!" म्हणून ओरडत होत्या. मी मोबाईल धरला होता. त्यात नंतर फक्त माझ्या चपला आणि माझंच खिंकाळणं सापडलं.

विमानाचा एक पंख किंचित कलला. शहराकडं वळायला तो कलणारच, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी चिखलातून ते गरजले, "बघितलंत? ओळखलं मला!"

आरडाओरडा ऐकून शेताचा मालक धावत आला. आधी त्यानं भाताकडं पाहिलं, मग काकांकडं, आणि हात देऊन त्यांना ओढून काढलं. कानडीत विचारलं, "आत कोणी मंत्री होते का?"

"नाही हो," काका धापा टाकत म्हणाले, "आत ही होती. नवी नवरी."

तो गोंधळून काकूंकडं बघत राहिला. काकू लाजल्या! सत्तरी उलटलेल्या काकू पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या. मग त्या माणसानं पंपावर काकांना पाय धुवायला लावले आणि आम्हा तिघांना ऊस तोडून दिला.

परतीच्या बसमध्ये काका मागच्या बाकावर डकोटाचं इंजिन सुरू करून दाखवू लागले: आधी खोकला, मग ठसका, मग गडगडाट. मी मिग केलं. पुढच्या बाकावरची दोन शाळकरी पोरं वळून बसली, एका आजोबांनी ट्रॅक्टर केला, तोही चालवून घेतला. कंडक्टर तिकिटांची पिशवी सावरत आला. आता उतरवतो की काय, असं वाटलं. त्यानं गंभीरपणे विचारलं, "हेलिकॉप्टर कोणी घेतलंय का?"

नव्हतं घेतलं कोणी. मग म्हैसूरपर्यंत ते त्यानंच केलं.