लग्नपत्रिकेवर हळदीचं फूल

भाची स्नेहलचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं आणि तिच्या वडलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, विलासनं, पत्रिकेसाठी गुलाबांची तयार डिझाइनं मोबाइलवर धाडली. माझं डोकंच फिरलं! कुंडलला माहेरी घरची हळद उभी असताना हे परके गुलाब कशाला? लगेच फोन लावला, "पत्रिकेवर आपल्या हळदीचं फूल घाल. फोटो मी काढते."

तो हसला. "अक्का, परवा दुपारी छापखान्यात जायचं हाय. तवर चांगला फोटो दिलास तर घालतो, न्हाईतर गुलाब हाईतच."

आता माघार कसली!

दुसऱ्या दिवशी उजाडताच साताऱ्याहून निघालो. गाडी चालवायला आमचे हे, निवृत्त हवालदार. कराडवरून रस्ता सरळ पडतो, पण मी पुसेगाव, वडूज, विटा असा वळसा घ्यायला लावला. पावसाळा सरताना वडूजकडं कारळ्याची शेतं पिवळीधमक असतात आणि मला फुलांच्या फोटोंचा हात बसवून घ्यायचा होता. तुम्ही गेलात तर पाणी आणि टोपी न्या, सावली फारशी मिळत नाही. वडूजला चहा-भजी खाल्ली, शंभरात दोघांचं भागलं.

शेताच्या बांधावर बसून भराभर फोटो काढले. यांनी मागून डोकावून बघितलं. "सगळी फुलं सावधानमध्ये उभी केलीस की गं! एखाद्याला विश्राम दे."

राग आला, पण खरंच प्रत्येक फूल फोटोच्या बरोब्बर मध्ये होतं, आधारकार्डावरच्या तोंडासारखं. मग फूल एका कडेला घेतलं आणि ते जिकडं बघतंय तिकडं जागा सोडली. तेवढ्यानं फोटो मोकळा झाला. कॅमेरा महागडा नसला तरी हे जमतं, करून बघा.

दुपारी कुंडलला पोचलो. हळद छातीपर्यंत वाढलेली, आणि फूल बसलेलं पानांच्या पोटात. फिकट पांढरं, शेंड्याला गुलाबी झाक, आत पिवळी नाजूक फुलं. इतकं देखणं, पण वरून ऊन कवडशांनी पडत होतं. फोटोत अर्धं फूल पांढरंफटक, अर्धं काळं. यांनी छत्री धरली तर सगळंच काळवंडलं.

विलासनं स्क्रीन बघितली. "गुलाबच बरं दिसतंय, अक्का."

रात्री वहिनीनं भाकरी आणि अख्खा मसूर वाढला, पण मी जेवतानाही तेच बिघडलेले फोटो चाळत होते. स्वतःच्या माहेरच्या मळ्यातलं फूल मला काढता येत नाही म्हणजे काय!

सकाळी ऊन कोवळं असतानाच मळ्यात गेले. वहिनी दोरीवरचं पांढरं धोतर घेऊन मागोमाग आली. "वन्सं, ह्ये धरू का? डोक्यावर न्हाई, हितं म्होरं." सूर्य फुलाच्या मागं होता, पान आरपार उजळलेलं. धोतरावरून परतलेला मऊ उजेड फुलाच्या तोंडावर आला. फूल डाव्या कोपऱ्यात घेतलं, बाकी सगळं ते हिरवं पान. श्वास रोखून बटण दाबलं.

विलासनं फोटोतल्या हिरव्या पानावर बोट ठेवलं. "आनि ही एवढी जागा रिकामीच?"

"तिथं पोरीचं आणि जावयाचं नाव."

"मग भावकी कुठं घालू? रुसतील की गं!"

"आत घाल. फुलावर एक अक्षर जरी आलं तर मी लग्नाला येणार नाही."

तो नुसता हसला. फोटो घेतला आणि छापखान्याकडं गेला. आम्ही कराडवरून परत आलो. चांगला रस्ता, तरी माझा जीव सारा वेळ त्या रिकाम्या जागेत अडकलेला.

परवा पत्रिका हातात पडली. डावीकडं हळदीचं फूल, पानावर फक्त दोन नावं. भावकी सगळी आत. मी तर डोळेच पुसले. मग खाली बारीक अक्षरात छापलेलं दिसलं: 'फोटो : सौ. मंगलअक्का'.

माहेरच्या प्रत्येक पत्रिकेत आजवर जावई म्हणून यांचं नाव यायचं. लेकीचं कोण छापतं? आता घरी येईल त्याला चहाच्या आधी पत्रिका देते आणि म्हणते, "वाच की खालचं."