शेवटी ठेवलेली खोली

माझ्या थोरल्या बहिणीला मी खोटारडी ठरवलं. रागाच्या भरात नव्हे, नीट तपासणी करून ठरवलं. म्हणूनच ते जास्त वाईट.

आक्काचे यजमान गेल्यावर मुरुडच्या घरात ती एकटीच उरली. मीच तिला नांदेडला आणलं, मागची खोली दिली. तिची एकुलती एक लेक लातूरला दिलेली, पण तिथं राहायचा विषयच नव्हता. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आक्काचा नेम. भेटायला गेली तरी भाकरी आणि पाण्याची बाटली सोबत न्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. आम्ही चेष्टा करायचो. ती म्हणायची, "माझा भाऊ खंबीर हाय. मला कशाला लागतंय लेकीचं दार?"

गेल्या उन्हाळ्यात आमचा इन्व्हर्टर ओरडायला लागला. लाइट गेली की थोड्याच वेळात बॅटरी संपत आल्याचा लाल दिवा आणि टीं-टीं-टीं. बॅटरी जुनी नव्हती, रात्रभर चार्ज झालेली असायची. शेजारचे मास्तर गच्चीवरून म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं कुत्र्याची गरजच न्हाई. इन्व्हर्टरच भुंकून राहिलाय."

मी हसलो, पण मनात पक्कं बसलं की घरात कोणीतरी चोरून जास्त वीज ओढतंय. आक्काचे गुडघे दुखायचे. भाचीनं तिला विजेवर तापणारी शेकायची पिशवी पाठवली होती. मला दुसरं काही शोधायची गरज वाटली नाही.

एका दुपारी लाइट गेली आणि मी तपासणी सुरू केली. मास्तर पेपर द्यायला आले होते, तेही थांबले. मेन बोर्डवर प्रत्येक खोलीचं वेगळं बटण होतं. हॉलचं बंद केलं, आवाज चालूच. स्वयंपाकघर, आमची खोली, मुलाची खोली, एकेक बंद केली. आवाज चालूच. शेवटी आक्काच्या खोलीचं बटण पाडलं आणि आवाज थांबला.

"बघा," मी म्हणालो.

आक्का दारात आली. "मी पिशवी लाइट असतानाच लावते रे. आत्ता नुसता पंखा होता."

"आक्का, या वयात खोटं कशाला बोलायचं?"

बायको म्हणाली, "अहो, हळू." मास्तर चपला घालायला लागले. आक्का म्हणाली, "खोटं बोलायला मला तुझ्याकडं काय कमी पडलंय, बाबा?" एवढंच म्हणून तिनं पिशवी आणून माझ्या हातात दिली. मी ती घेतली. कपाटावर ठेवून दिली, तिचा हात पोचणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि पुन्हा टीं-टीं. इथं तरी मला शंका यायला हवी होती. मी तडक आक्काच्या खोलीत गेलो. ती पंखा बंद करून पलंगावर बसली होती, पदरानं वारा घेत. खाली वाकून पलंगामागचा प्लग पाहिला, उशीशेजारी पाहिलं. काही नव्हतं. उठलो तेव्हा ती भिंतीकडं बघत होती.

सकाळी ती म्हणाली, "लातूरला जाऊन येते." या वेळी भाकरी बांधली नव्हती. मला ते दिसलं, तरी मी तिला रिक्षात बसवून दिलं.

त्या संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली नाही. ती नसतानाही आवाज थांबला नाही. मग एकदा मी तीच तपासणी उलट्या क्रमानं केली. मागची खोली आधी बंद केली आणि आमची शेवटी ठेवली. आवाज आमच्या खोलीच्या बटणावर थांबला. म्हणजे जी खोली शेवटी उरेल, ती चोर. पंखा कुठलाही असो, थोडासा भार राहिला तरी यंत्र ओरडत होतं. जिच्यावर संशय होता, तिची खोली मी शेवटी ठेवली होती.

मग इन्व्हर्टरची ट्रॉली ओढली. बॅटरीच्या एका टोकाला वायर जोडली होती तिथं पांढरा-हिरवट खार साचला होता, मुठीएवढा. वीज त्यातून नीट जातच नव्हती, म्हणून भरलेली बॅटरी यंत्राला रिकामी वाटत होती. बॅटरीत पाणी मीच घालायचो. उन्हाळा आला म्हणून काठोकाठ भरलं होतं, ते उकळून वर आलं आणि वायरीला खात बसलं. सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं ते टोक धुतलं, वायर घासून घट्ट बसवली, व्हॅसलीन लावलं. आवाज बंद झाला.

त्या संध्याकाळी मी आक्काला फोन केला. म्हणालो, "इन्व्हर्टर दुरुस्त झाला बरं का." कशानं बिघडला होता ते बोललो नाही. ती म्हणाली, "बरं झालं." दोघांनीही लगेच फोन ठेवला नाही. शेवटी तिनंच ठेवला.

मग पावसाळा गेला, दसरा गेला. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. भाऊबिजेला ती आली नाही, तेव्हा मीच लातूरला गेलो.

भाचीच्या घरी आक्का ओट्याशी भाकऱ्या थापत होती. जावयांनी मला खुर्ची दिली. "मामा, तुमच्यासारखा भाऊ पाहिजे. आई म्हणाल्या, लातूरचे डॉक्टर गुडघ्याला चांगले, म्हणून भावानंच पाठवलं. आमच्याकडं पाणी प्यायलासुद्धा तुम्हीच राजी केलं म्हणे."

आक्कानं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी उलटली. जेवताना तिनं आम्हा सगळ्यांना वाढलं, आणि मग त्याच घरच्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन ती प्याली.

जेवणानंतर ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो. तिनं जावयासमोर माझी लाज राखली होती. खाली बोललो असतो तर तिनं सांगितलेलं खोटं उघडं पडून तिची लाज गेली असती. तिच्या हातातले कपडे मी घेतले आणि बोललो, जसं सुचलं तसं.

"आक्का, तू काही लावलं नव्हतंस. बॅटरीच्या वायरीला खार चढला होता, तो मी जास्त पाणी घातल्यामुळं चढला. तू खरं बोलत होतीस, आणि मी तुला मास्तरांसमोर खोटं पाडलं. वर तुझा पलंग धुंडाळला. मला कळलं त्याच दिवशी यायला पाहिजे होतं, पण मी नुसता दुरुस्त झाल्याचा फोन केला. माझ्यामुळं तुझा नेम मोडला. चुकलो मी. मला माफ कर."