पंपवाल्याची झडप

पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात पंपवाल्याची हयात गेली. मोटारीला नुसता कान लावून तो बेअरिंग गेलंय की वायंडिंग जळलंय ते सांगायचा, आणि या कानाची त्याला भारी घमेंड. दोन वर्षांपूर्वी त्याचंच हृदय थकलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आतून एक छोटा पंप जोडला. पोटातून बाहेर वायर, खांद्यावर बॅटऱ्यांची पिशवी. "आता मी माझंच गिऱ्हाईक," असं तो दुकानात येईल त्याला सांगत सुटला.

दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्षभर गेला, मग केला कंटाळा. पाय सुजले, दोन पायऱ्यांत धाप लागू लागली. बायको मागे लागली, "अहो, दाखवून या." हा आपला डॉक्टरांसारखी नळी विकत आणून छातीतला पंप ऐकायचा आणि म्हणायचा, "झकास चालतोय. कशाला जायचं?" आता या माणसाला काय म्हणावं!

शेवटी बसल्या जागी दम लागला, तेव्हा बायकोला घेऊन गेला.

"पंप ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "हृदयाची झडप गळतेय. पंप रक्त पुढे ढकलतो, त्यातलं अर्धं झडपेतून मागे येतं, तेच पंप पुन्हा ओढतो. अंगाला काय मिळणार?"

पंपवाल्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. टाकी भरत नाही म्हणून रडणाऱ्या कितीतरी घरांत त्याने हेच सांगितलं होतं. "मग झडप बदला की."

"मांडीतून नळी घालून नवी बसवतात. पण तुमच्या झडपेची कड मऊ आहे, नवीला धरून ठेवणार नाही. सरकली तर पंपाच्या तोंडात जाईल. छाती उघडावी, तर आता हृदयाची उजवी बाजूही दमलीय. तुम्ही टेबलावर टिकणार नाही. गोळ्या देतो, थोडा आराम पडेल."

"पंपाचा स्पीड वाढवून बघा."

"गळतीही वाढेल."

हे त्यालाही ठाऊक होतं. तरी विचारलं.

"सहा महिने आधी आलो असतो तर?" बायकोने विचारलं.

"तेव्हा झडप शिवता आली असती," डॉक्टर म्हणाले.

जिन्यात तो थांबला. विसरलेल्या किल्लीवरूनसुद्धा ही बाई त्याला तासभर फैलावर घ्यायची. आज तिच्या तोंडून शब्द नाही. आता मात्र तो पुरता घाबरला.

"अगं, बोल की. वाट्टेल ते बोल मला."

तिने त्याचा दंड धरला.

"पायरी आहे," ती म्हणाली. "सावकाश उतरा."