चिनामीचे हात, तोकीएबाईंचे पाय

आमच्या गल्लीतली चिनामी कुरोसु बटाट्याचे कटलेट तळते. तिच्या एका हातात झारा असतो आणि दुसरा हवेत काहीतरी रेखाटत असतो, कारण दुकानात दिवसभर इटलीत बनलेली धडधडाटी नाचाची गाणी चालू असतात. तिकडे ती कुणी फारसं ऐकत नाही म्हणे. बनवतात ते आणि नाचतो आम्ही. विसाव्या वर्षी चिनामी तोक्योच्या क्लबात या गाण्यांवर पारापारा नाचायची. सगळ्यांनी रांगेत उभं राहून हातांच्या ठरलेल्या खुणा करायच्या आणि चेहऱ्यावर हसू म्हणून आणायचं नाही, असा तो नाच. आता ती पंचेचाळिशीला आली, पण एकही खूण विसरलेली नाही.

मी इथला न्हावी, आणि ओबोनच्या नाचाला ढोल वाजवणारा. ऑगस्टात पितर घरी येतात तेव्हा मैदानात मचाण बांधायचं आणि त्याभोवती गोल धरून फिरत फिरत नाचायचं, ही आमची रीत. गेल्या वर्षी गोलात अकरा टाळकी होती. यंदाही गोल पुरा झाला नाही तर नाच कायमचा बंद, असं गल्लीच्या मंडळाने बैठकीत ठरवून टाकलं. चाळीस वर्षं नाच शिकवणाऱ्या तोकीए नारुकावाबाई त्या बैठकीत मान खाली घालून बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात चिनामी उठली. एक गाणं मला द्या, गोल मी भरते, म्हणाली. गाणं कुठलं ते कळल्यावर बाईंनी मान वर केली.

"पितरांना इटालियन कळतं का गं?"

"बाई, माझ्या सासऱ्यांना माझं जपानीसुद्धा कधी कळलं नाही. तरी दरवर्षी येतातच."

मग तीन आठवडे दुकानात शिकवणी चालली. कटलेट घ्यायचं तर एक खूण शिकूनच जायचं. तोकीएबाई रोज यायच्या, एक कटलेट घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून खायच्या. मी त्या ठेक्यावर ढोल बडवून मनगट सुजवून घेतलं आणि पोस्टमास्तरांचे केस एका कानावर लांब ठेवून बसलो.

नाचाच्या संध्याकाळी मैदानात दीडदोनशे माणसं जमली. गाणं लागलं, सगळे हात एकदम वर गेले, चेहरे दगडासारखे. आणि गोल तसूभरही हलेना. पारापारात पुढे जायचंच नसतं. सगळे मचाणाकडे तोंड करून जागच्या जागी डुलत होते आणि मागून येणाऱ्यांना शिरायला वाट नव्हती. मचाणावर माझ्या शेजारी नाचणाऱ्या चिनामीचा चेहरा पडला.

"मी पाय शिकवलेच नाहीत," ती म्हणाली.

मंडळाच्या अध्यक्षांनी खुर्च्या आवरायला घेतल्या. करंटा माणूस!

तेव्हा तोकीएबाई उठल्या. गर्दीत शिरून त्या आडव्या वळल्या आणि चालू लागल्या: तीन पावलं पुढे, एक मागे, दर दुसऱ्या ठोक्याला एक, ओबोनची जुनी चाल. हात मात्र पारापाराचे. एकही खूण चुकली नाही; तीन आठवड्यांची कटलेटं वाया गेली नव्हती. त्यांच्यामागे एक वळला, मग चार, मग अख्खी गर्दी फिरायला लागली आणि बाहेर उभे असलेले एकेक करून आत शिरले. मी ढोल बडवत रडत होतो, हे कबूल करतो.

गाणं संपल्यावर चिनामी धावत खाली गेली आणि बाईंपुढे कमरेत वाकली. बाई धापा टाकत होत्या.

"पुढच्या वर्षी हात जरा हळू ठेव," त्या म्हणाल्या. "मी ब्याऐंशीची होईन."